सोपं, पण कुणासाठी?

आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी विषय आम्हाला होता, पण तो पास होण्यापुरता. त्यामुळे 'मराठी विभागासाठी काहीतरी दे ना' असं मैत्रिणीने म्हटल्यावर मी हसले आणि 'इंग्लिश सेक्शनला देते' म्हणून विषय टाळला. पण जे सांगायचं आहे ते सगळं मराठीत घडलंय. ते इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर त्यातली अर्धी गंमत आणि माझी सगळी लाज उडून गेली असती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि वाचा.

विषय तसा साधा आहे. छोट्या ऑफिससाठी डेटाबेस कुठला निवडावा? हसू नका. आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी कुणीतरी नातेवाईक विचारतोच, "तू कॉम्प्युटर करतेस ना? मग आमच्या ऑफिससाठी काहीतरी करून दे की!" आणि आपणही छाती फुगवून 'हो' म्हणतो. माझं मत असं की, हा निर्णय आपण भावी इंजिनिअर मंडळी चुकीच्या टोकाकडून घेतो. कुठला डेटाबेस भारी, हे आपण आधी बघतो. त्याच्यासमोर रोज सकाळी दहा वाजता कोण बसणार, हे बघतच नाही. मीही बघितलं नव्हतं.

माझ्या मामाचं सांगलीत वजनकाटे दुरुस्तीचं ऑफिस आहे. किराणा दुकानं, सराफ, मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे व्यापारी, असे मिळून चौदाशेच्या आसपास ग्राहक. काटे त्याहून जास्त, कारण एकेका अडत्याकडे चार-चार काटे. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. २००९ चा कायदा आणि २०११ चे नियम तसं सांगतात. लोखंडी वजनांना दोन वर्षांची मुदत असते, इलेक्ट्रॉनिक काट्याला एकच वर्षाची. ही मुदत कुणाची कधी संपते ते लक्षात ठेवून वेळेवर फोन करणं हाच मामाच्या धंद्याचा कणा. मुदत चुकली आणि तपासणी आली, तर दंड दुकानदाराला. आणि दुकानदार येऊन उभा राहतो तो मामाच्या दारात.

ऑफिसात माणसं पाच. मामा, दोन मेकॅनिक, बाहेर फिरणारा एक मुलगा आणि ऑफिस सांभाळणाऱ्या ताई. ताई चौदा वर्षं तिथे आहेत. कॉमर्स झालेल्या. कुठल्या गल्लीत कुणाचा काटा किती किलोचा, हे त्यांना तोंडपाठ. कॉम्प्युटर तीन, आणि सगळी माहिती एका एक्सेल फाइलमध्ये. फाइलचं नाव 'ग्राहक यादी फायनल नवीन २'. (अशी फाइल तुमच्याही घरी असेल, पैज लावते!)

एक जण फाइल उघडून बसला की दुसऱ्याला ती नुसती वाचता यायची. मग दुसरा स्वतःची कॉपी करायचा. पण हे दुखणं लहान होतं. मोठं दुखणं तारखांचं निघालं. ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आला, त्यात तारखेची पद्धत अमेरिकन होती, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईंनी ०४/०२ लिहिलं, म्हणजे ४ फेब्रुवारी. कॉम्प्युटरने ते २ एप्रिल समजून घेतलं. दिसायला सारखंच दिसतं हो! आणि दिवस बाराच्या पुढचा असला की ते त्याला तारीखच वाटत नाही, नुसता मजकूर म्हणून तो ठेवून देतो. म्हणजे अर्ध्या तारखा चुकीच्या आणि उरलेल्या अर्ध्या तारखाच नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत मुदत संपलेल्या एका बेदाणा व्यापाऱ्याचं नाव त्यामुळे फोनच्या यादीत आलंच नाही. मार्चमध्ये तपासणी झाली, दंड झाला. तो माणूस ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर ताईंना बोलला. मामा म्हणतो, चौदा वर्षांत त्या दिवशी ताई पहिल्यांदा रडल्या.

दोष एक्सेलचा नाही. ते हिशोबाचं साधन आहे, आपण त्याला वहीचं काम सांगतो. आणि ही चूक फक्त सांगलीत होते असंही नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये १५,८४१ कोरोना रुग्णांची नोंद मोजणीतून सुटली होती. कारण काय, तर माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी बसत नाहीत. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची चक्क नावं बदलली, कारण 'मार्च १' आणि 'सेप्ट १' अशी नावं टाइप केली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं. जिथे शास्त्रज्ञांनी हात टेकले, तिथे आमच्या ताईंना कोण नावं ठेवणार?

तर, २०२४ च्या मे महिन्यात मी सुट्टीला सांगलीला गेले. दुसऱ्या वर्षाला डीबीएमएस नुकतंच झालेलं. नॉर्मलायझेशन पाठ. मामा म्हणाला, "बाळ, ह्या तारखांचं काहीतरी कर गं." मग काय विचारता! तीन आठवडे रात्री जागून मी मायएसक्यूएल सर्व्हर बसवला, पायथनमध्ये वेबपेज केलं, प्रत्येकाला लॉगिन दिलं, डॅशबोर्ड केला. त्यावर एक गोल गोल पाय चार्टसुद्धा होता. तो कशाचा होता, ते आज मलाही आठवत नाही. सगळी नावं अर्थातच इंग्लिशमध्ये, कारण मला तीच सुचतात. 'री-व्हेरिफिकेशन ड्यू डेट' असा एक रकाना होता. ताईंनी विचारलं, "हे पासिंगचं का गं?" मी म्हटलं, "पासिंग म्हणजे?"

आता लाज वाटते. त्या ऑफिसात, त्या बाजारात, मेकॅनिकपासून दुकानदारापर्यंत प्रत्येक जण 'पासिंग' म्हणतो. काटा पासिंगला द्यायचा, पासिंग झालं, पासिंग राहिलं. ज्या शब्दावर अख्खा धंदा चालतो तो शब्द मला माहीत नव्हता, आणि मी त्यांना 'युजर फ्रेंडली' सिस्टीम देत होते!

मामाने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने ती दाखवली. "भाचीने केलंय." मी जूनमध्ये हॉस्टेलला परत आले. रेझ्युमेमध्ये एक ओळ वाढली.

ऑगस्टमध्ये एका पावसाळी रात्री वीज कडाडली आणि ऑफिसातला राऊटर जळला. मामाने दुसऱ्या दिवशी नवीन आणला. नव्या राऊटरने सर्व्हरच्या कॉम्प्युटरला वेगळा आयपी पत्ता दिला, आणि मी तर बाकीच्या कॉम्प्युटरवर जुना पत्ता पक्का लिहून ठेवला होता. सगळ्या पडद्यांवर इंग्लिशमधली एरर. दोन मिनिटांचं काम, पण ते दोन मिनिटांचं आहे हे माहीत असणारं माणूस पुण्यात इनसेम परीक्षेला बसलेलं, फोन बंद. संध्याकाळी बघितलं तर ताईंचे सात मिस्ड कॉल. मी 'उद्या बघते' असा मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेपर. तिसऱ्या दिवशी फोनवरून कसंबसं सुरू करून दिलं आणि विसरून गेले.

दिवाळीत गेले तेव्हा ताईंच्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर होतं. पट्टीने रकाने आखलेलं, लाल-निळ्या शाईने भरलेलं. ऑगस्टपासूनच्या सगळ्या नोंदी त्यात. माझी सिस्टीम सुरू होती, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी चिडले. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "ताई, एवढं करून दिलं आणि तुम्ही परत वहीत लिहिताय?"

ताई म्हणाल्या, "तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही गं. पण मला ते उघडायचीच भीती वाटते. वहीत चुकलं तर मी खोडून लिहिते. ह्यात चुकलं तर कुणाला दाखवू?"

मित्रांनो, माझ्या मते डेटाबेस निवडण्याचा खरा प्रश्न हाच आहे. 'चुकलं तर कुणाला दाखवू?' आपल्या पुस्तकात स्पीड आहे, सिक्युरिटी आहे, स्केलेबिलिटी आहे. हा प्रश्न नाही. चौदा वर्षं त्या ऑफिसचा आधार असलेल्या बाईंना मी तीन आठवड्यांत अडाणी करून ठेवलं होतं. तारखांच्या गोंधळात त्यांची एक चूक झाली होती. माझ्या सिस्टीमने त्यांचा स्वतःवरचा विश्वासच काढून घेतला.

दिवाळीची सुट्टी मग मी वेगळ्या पद्धतीने घालवली. लॅपटॉप बॅगेतच ठेवला आणि दोन दिवस ताईंच्या शेजारी नुसती खुर्ची टाकून बसले. त्या काय लिहितात, कुणाचा फोन आला की आधी काय शोधतात, दुपारी मेकॅनिक परत आले की काय विचारतात, ते बघत बसले. आणि त्या रजिस्टरमध्ये मला एक गोष्ट सापडली. रोजच्या नोंदीत ग्राहकाचं नाव-पत्ता पुन्हा पुन्हा लिहिलेला नव्हता. एका अरुंद रकान्यात नुसता आकडा होता आणि वर लिहिलं होतं 'खा. पा.' मी विचारलं हे काय. "खातेपान. त्या गिऱ्हाइकाचं खातं दुसऱ्या वहीत ज्या पानावर आहे, त्याचा नंबर. अकरावीला बुककीपिंगमध्ये नव्हतं का तुला?" नव्हतं मला. मी सायन्सची! पण 'खा. पा.' म्हणजे आपली फॉरेन की. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यातली मूळ कल्पना ताई निळ्या शाईने रोज वापरत होत्या. त्यांना डेटाबेस कळत नाही हा माझा गैरसमज होता. त्यांना माझा डेटाबेस कळत नव्हता.

म्हणून थिअरी सोडून द्या असं मी म्हणत नाही. उलट एक्सेलमध्ये जे बिघडलं ते थिअरी न पाळल्याने बिघडलं. ग्राहक एका टेबलात, काटे दुसऱ्यात, पासिंगच्या नोंदी तिसऱ्यात, आणि तारखेच्या रकान्यात तारखेशिवाय दुसरं काही घेणारच नाही असा नियम, एवढं हवंच. तारीख भरली की शेजारी महिन्याचं नाव अक्षरात दिसलं पाहिजे, म्हणजे २ एप्रिल का ४ फेब्रुवारी हा घोळच नको. फोन नंबर आकडा म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवायचा, नाहीतर सुरुवातीचं शून्य गायब. एवढी शिस्त कुठल्याही डेटाबेसमध्ये पाळता येते. प्रश्न असा की ती शिस्त कुठल्या भांड्यात ठेवायची, म्हणजे ताईंना ते स्वतः उचलता येईल?

मी पाच-सहा पर्याय बघितले. थोडक्यात सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरं.

मामाकडे पूर्वी फॉक्सप्रोमधला एक प्रोग्रॅम होता. एकेकाळी आपल्याकडच्या कितीतरी ऑफिसांत फॉक्सप्रोच चालायचं. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली, २००४ साली शेवटची नववी आवृत्ती आली आणि २०१५ च्या जानेवारीत तिचा सपोर्टही संपला. मामाचा प्रोग्रॅम करणारा माणूस तर त्याच्या कितीतरी आधीच गाव सोडून गेला. पण त्याच्या डीबीएफ फाइली आजही लिबरऑफिसमध्ये उघडतात, मी उघडून बघितल्या. यातून मला एक कळलं. प्रोग्रॅम मरतो, माहिती जगते. म्हणून डेटाबेस निवडताना पहिली चौकशी 'आत कसं जायचं' याची नको, 'बाहेर कसं पडायचं' याची हवी. सगळी माहिती साध्या सीएसव्ही फाइलमध्ये काढता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी घेऊ नये.

एसक्यूएलाइट मला फार आवडतो. २००० साली रिचर्ड हिप यांनी केलेला हा छोटासा डेटाबेस आज तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. पण तो इंजिन आहे, गाडी नाही. फॉर्म, रिपोर्ट सगळं आपणच करायचं, म्हणजे पुन्हा माझ्यावरच अवलंबून. शिवाय तीन कॉम्प्युटरांनी नेटवर्कवरची एकच फाइल लिहायची असेल तर तो वापरू नका, असं त्याच्या स्वतःच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं आहे.

लिबरऑफिस बेस फुकट आहे, लिनक्सवरही चालतो, फॉर्म करायला विझार्ड आहे. एकट्या माणसाचं ऑफिस असेल तर मी डोळे मिटून हाच सांगेन. पण त्याची स्वतःची फाइल एका वेळी एकाने वापरायची असते. तिघांना एकदम वापरायची असेल तर मागे वेगळा सर्व्हर उभा करावा लागतो, आणि सर्व्हर म्हटला की पुन्हा आयपी पत्ता आला, राऊटर आला आणि सात मिस्ड कॉल आले!

फाइलमेकर १९८५ पासून आहे आणि वापरायला खरंच सोपा आहे, मॅकवरही चालतो. पण परवान्याचा खर्च माणसागणिक वाढतो. मामाने किंमत ऐकली आणि चहा मागवला.

राहिला अॅक्सेस. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा. आपल्याकडे कुणी अॅक्सेसमध्ये प्रोजेक्ट केलं तर व्हायवाला हशा पिकतो. पण मामाच्या ऑफिसात तिन्ही कॉम्प्युटर विंडोजचे. मामाने घेतलेल्या ऑफिस संचात अॅक्सेस आधीपासून होताच, तीन वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. बाकीच्या दोन कॉम्प्युटरना त्याचं 'रनटाइम' फुकट मिळतं. टेबल बघायला एक्सेलसारखं दिसतं, म्हणून ताईंना परकं वाटलं नाही. आणि मराठी सरळ युनिकोडमध्ये लिहिता येतं. हा मुद्दा बारीक वाटेल, पण जुन्या फाँटमध्ये भरलेली नावं दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली की अगम्य अक्षरं दिसतात, ना शोधता येतात ना क्रमाने लावता येतात, हे मामाने भोगलं होतं.

अॅक्सेसला मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. फाइल २ जीबीच्या पुढे वाढत नाही. कागदावर २५५ जणांना एकदम वापरता येतो, पण तेवढे बसवायला जाऊ नका. दहाच्या आतलं ऑफिस असेल तरच. फाइलचे दोन भाग करायचे, माहितीचा भाग एकाच कॉम्प्युटरवर आणि फॉर्मचा भाग प्रत्येकाकडे आपापला. नाहीतर फाइल बिघडण्याची भीती. वायफायवर भरवसा नको, केबल टाकायची. आणि ती फाइल ऑनलाइन सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये तर अजिबात ठेवायची नाही. ज्या ऑफिसची माणसं वेगवेगळ्या गावांत बसतात, त्यांच्यासाठी हे साधन नाही. त्यांनी ऑनलाइनच जावं. पण मामाची पाच माणसं एका खोलीत बसतात.

ह्यावेळी करायला मला चार दिवस लागले. उघडलं की तीन मोठी बटणं. 'आज कुणाला फोन', 'नवीन काटा', 'पासिंग झालं'. बस्स. पाय चार्ट नाही. बटणांवरची नावं ताईंनी सांगितली, मी फक्त टाइप केली. शोधायचं कशावरून, तर फोन नंबरवरून, कारण 'शहा' आणि 'शाह' यांत एकच माणूस दोनदा भरला जातो हे ताईंना अनुभवाने माहीत होतं. मला नव्हतं.

पाचवा दिवस मी फक्त मोडतोडीला ठेवला. ताईंच्या देखत माहितीची फाइल डिलीट केली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला! मग म्हटलं, "आता पेन ड्राइव्हवरून तुम्ही परत आणा." आम्ही दोन पेन ड्राइव्ह ठेवलेत, एक सम तारखेचा, एक विषम तारखेचा. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली, माझ्या मदतीने. दुसऱ्यांदा दहा. तिसऱ्यांदा चार, आणि मी खोलीच्या बाहेर उभी होते. मग ताईंनी स्वतःच्या अक्षरात त्या सगळ्या पायऱ्या एका कागदावर लिहिल्या आणि तो कागद भिंतीवर चिकटवला. त्या कागदाला मी अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग समजते. 'चुकलं तर कुणाला दाखवू' याचं उत्तर आता भिंतीवर आहे.

माझे मित्र म्हणतात, हे काही खरं इंजिनिअरिंग नाही. विझार्डवर क्लिक करायला चार वर्षांची डिग्री कशाला? त्यांचं सगळंच चूक आहे असं नाही. उद्या मामाने कोल्हापूर-मिरजेला शाखा काढल्या तर अॅक्सेस पुरणार नाही, तेव्हा खरा सर्व्हर लागेल आणि तो नीट सांभाळणारं, पगारी माणूस लागेल. ती वेळ आली तर माहिती सुटसुटीत टेबलांत आहे, उचलून नेता येईल. पण उद्याच्या शाखेसाठी आजच्या ताईंना घाबरवून ठेवणं हेही इंजिनिअरिंग नव्हे. पुलाला किती भार पडणार हे आधी विचारतात ना आपले सिव्हिलवाले? मग आपण का विचारत नाही, की हा भार कुणाच्या खांद्यावर पडणार आहे?

आणि 'सोपं' हा शब्द आपण फार सहज वापरतो. सोपं म्हणजे कमी बटणं नव्हेत. सोपं म्हणजे ते वापरणाऱ्याच्या भाषेत बोलतं, बिघडलं तर त्याला स्वतः सावरता येतं आणि करणारा निघून गेला तरी ऑफिस थांबत नाही. माझी पहिली सिस्टीम मला सोपी होती. कॉन्व्हेंटमध्ये मला इंग्लिश सोपं वाटायला शिकवलं, आणि मला सोपं ते जगाला सोपं असा माझा समज झाला. त्यात शाळेचा दोष नाही. मी 'पासिंग म्हणजे काय' हे पहिल्या दिवशी विचारलं असतं तर भागलं असतं.

म्हणून एवढंच सुचवते. तुम्हाला मामा, काका, शेजारी, कुणीही ऑफिससाठी काही करून द्यायला सांगितलं, तर आधी एक दिवस खुर्ची टाकून तिथे बसा. त्यांचं रजिस्टर वाचा. लॅपटॉप दुसऱ्या दिवशी उघडा. कदाचित तुमचं उत्तर अॅक्सेस नसेल, बेस असेल, सर्व्हर असेल, किंवा रजिस्टरच बरं असंही असेल. चालेल. पण उत्तर त्या खुर्चीवरून आलेलं असू दे.

असो. मागच्या महिन्यात ऐन सबमिशनच्या दिवसांत ताईंचा फोन आला. नाव बघून पोटात गोळा आला. म्हटलं, झालं, राऊटर जळला! फोन उचलला.

"काही नाही गं, सहज केला. ती यादी होती ना, मी विझार्डमधून आणखी एक केली. गल्लीवार. म्हणजे आपल्या मुलांना एका फेरीत सगळे काटे करता येतात. चालेल ना केलेली?"

मी म्हटलं, "ताई, मला काय विचारताय? ते तुमचंच आहे."

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)